सकाळी उजेडात बघू

"आई, हा आकडा बाळाचा नाही," सिस्टर म्हणाल्या. "हा तुमचा आहे."

तिला आधी काही उमगलंच नाही. ती खुर्चीत मागे टेकून बसली होती, बाळ तिच्या छातीवर पालथं होतं, पांघरुणाखाली त्याचा पाय तिच्या मुठीत होता आणि समोरच्या मॉनिटरवर सत्त्याण्णव हा आकडा इतका निवांत दिसत होता की त्याच्याकडे बघता बघता तिचे खांदे खाली आले होते. ऑक्सिजन कमी केल्यापासून तो आकडा नव्वदीच्या आसपास घुटमळायचा, वर यायचा, घसरायचा, घसरला की घंटी वाजायची. आज हलत नव्हता. सिस्टरांनी पांघरुणाची कड उचलली. आतल्या अंधारात तांबडा दिवा दिसला. दिव्याची ती मऊ पट्टी बाळाच्या तळव्याला गुंडाळलेली असायला हवी होती. ती तिच्या करंगळीला गुंडाळलेली होती. सकाळी बाळाचं अंग पुसताना पट्टी ओली होऊन सैल पडली होती, सिस्टर दुसऱ्या खाटेशी होत्या, आणि इतक्या आठवड्यांत या वॉर्डातली प्रत्येक आई पट्टी चिकटवायला शिकलेली होती. तिने पांघरुणाखालून, न बघता, चाचपून चिकटवली. पाय आणि बोटं एकाच मुठीत होती. पट्टीने जे आधी सापडलं ते धरलं.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं. तिचा आवाज अगदी चौकशीच्या खिडकीवर विचारावा तसा निघाला.

"छातीच्या तारा ठोके दाखवतायत दीडशेच्या वर. खालची पट्टी दाखवतेय ऐंशी. एका बाळाला दोन हृदयं कशी असतील?" सिस्टरांनी पट्टी सोडवून बाळाच्या पायाला लावली. आकडा एकदा गेला, रेघा आल्या, आणि मग एकोणनव्वद उभा राहिला. "होतं असं. मागे एका बाबांनी स्वतःच्या अंगठ्याला लावली होती. ते तर म्हणाले, सिस्टर, माझं पोरगं पैलवान आहे."

ती हसली. हसू आलं याचं तिलाच नवल वाटलं. मग तिला आठवलं की हा आकडा तिने एकटीने बघितला नव्हता. मोठे डॉक्टर नुकतेच फेरीवर येऊन गेले होते. दारातूनच मॉनिटरकडे बघून म्हणाले होते, "वा. असंच राहिलं तर ऑपरेशनचा विचार सोडून देऊ." आणि नवरा ते ऐकून, बूट नीट न घालता, फोन घेऊन बाहेर पळाला होता. आत्ता या क्षणाला तो पायऱ्यांवर उभा राहून त्याच्या आईला तिच्या रक्तातला ऑक्सिजन कौतुकाने सांगत होता.

बाळाच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा जन्मापासूनच फुगलेला होता. त्यात हवा शिरत होती आणि बाहेर पडत नव्हती, त्यामुळे तो फुगून शेजारच्या चांगल्या कप्प्यांना दाबत होता. मोठ्या डॉक्टरांनी हे कागदावर काढून दाखवलं होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता, त्याने ते चित्र बघून म्हटलं होतं, "म्हणजे दार अडकलेली लिफ्ट. माणसं चढतात, उतरता येत नाही, आणि बाकीच्यांचा खोळंबा." डॉक्टरांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुढच्या पालकांना सांगायला म्हणून ते ठेवून घेतलं. मग म्हणाले की काही मुलं वाढतात तशी फुप्फुसं वाढतात, कप्पा आपोआप मागे पडतो आणि काहीच करावं लागत नाही. काही मुलांना तो काढावा लागतो. काढणं अवघड नाही, भूल देणं अवघड आहे, कारण भूल दिल्यावर यंत्राने श्वास द्यावा लागतो आणि त्याच श्वासाने कप्पा आणखी फुगतो. छाती उघडेपर्यंतची ती थोडी मिनिटं. डॉक्टरांनी तिथे वाक्य सोडलं आणि पेनाचं टोपण लावलं. तेव्हापासून घरात, फोनवर, वॉर्डाच्या बाकावर सगळं बोलणं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं: ऑपरेशन टळेल का. सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर हाच प्रश्न विचारायच्या आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणायच्या, "टळेल बघ."

ती रंगाच्या कारखान्यात होती. गिऱ्हाईक कसलाही तुकडा आणून द्यायचं, जुन्या दाराची ढलपी, गाडीचा पत्रा, कधी नुसता कापडाचा चौकोन, आणि म्हणायचं, असाच रंग पाहिजे. तो जुळवून देणं हे तिचं काम. त्यासाठी प्रयोगशाळेत एक करड्या आतल्या बाजूची पेटी होती, तिच्यात तीन प्रकारचे दिवे होते: दिवसाच्या उजेडासारखा, ट्यूबसारखा आणि पिवळा. नमुना आणि जुळवलेला रंग शेजारी ठेवायचे, एकेक दिवा लावून बघायचं. दोन रंग एका दिव्याखाली जुळे भाऊ असतात आणि दुसऱ्याखाली एकमेकांना ओळख देत नाहीत. हे तिने नवऱ्याला लग्नाआधी एका दुकानात दाखवलं होतं. त्याने घेतलेले काळे मोजे तिने दाराशी नेले आणि त्यातला एक निळा निघाला. तो म्हणाला होता, "तुझ्याशी लग्न केलं तर आयुष्यभर दारापर्यंत चालावं लागणार." ती नोकरीला लागली तेव्हा जुन्या केमिस्टांनी पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की संध्याकाळी, घरच्या दिव्यात, घाईत, कधीही रंगाबद्दल मत द्यायचं नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं तरी म्हणायचं, सकाळी उजेडात बघू. ती हे इतक्या वेळा म्हणाली होती की कारखान्यातले लोक तिला लांबून येताना बघून तेच म्हणायचे. चहा कसा झालाय? सकाळी उजेडात बघू.

त्या संध्याकाळीही ती तेच म्हणाली होती. बाळ तेव्हा घरी होतं, काही आठवड्यांचं. दूध पिताना त्याच्या ओठांभोवती तिला निळसर झाक दिसली. तिने लगेच वर बघितलं: ट्यूब होती, खिडकीला निळा पडदा होता, आणि भिंतीचा पांढरा तिने स्वतः निवडला होता, त्यात थेंबभर निळा असतो हे तिला माहीत होतं. तीन तीन कारणं समोर असताना कुठलाही शहाणा माणूस त्वचेला दोष देणार नाही. तिने बाळाला पिवळ्या दिव्याखाली नेलं, तिथे झाक गेली. पिवळ्याखाली निळा जातोच. नवऱ्याने विचारलं, "काय बघतेयस?" ती म्हणाली, "काही नाही, सकाळी उजेडात बघू." सकाळी बघायची गरजच पडली नाही. बाळ प्रत्येक श्वासाला कण्हत होतं आणि ते दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येत होतं. पुढे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं की बारा तास आधी आणला असता तरी काही फरक पडला नसता, आजार जन्मापासूनचा आहे. तिने मान हलवली. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा बाळाच्या पायाकडे बघत एवढंच म्हणाल्या, "आईला कळतं म्हणतात." त्यात टोमणा होता की नुसता निःश्वास, हे तिला ठरवता आलं नाही. तिने नवऱ्याला ती झाक आणि पडद्याचं सांगितलं, तेव्हा त्याने घरातला पडदा काढून टाकला.

तेव्हापासून ती बाळाकडे बघत नसे. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ती चोवीस तास त्याच्याशेजारी असे, त्याला पुसे, पाजे, कुशीवर वळवी, आणि तिचे हात न चुकता चालत. पण नजर मॉनिटरवर. मॉनिटरला उजेडाशी देणंघेणं नव्हतं. एक तांबडा किरण आणि एक न दिसणारा, कातडीतून आरपार, पलीकडे किती पोचतात त्याचा भागाकार. कुणाच्या डोळ्याचा, पडद्याचा, मताचा संबंध नाही. तिला ते यंत्र आवडायचं, एखाद्या अबोल पण खरं बोलणाऱ्या सहकाऱ्यासारखं. आणि त्याने आज खोटं सांगितलं नव्हतंच. त्याला जे बोट दिलं गेलं, त्याबद्दल त्याने अगदी बरोबर सांगितलं. तिची तब्येत उत्तम होती. ती बसल्या बसल्या स्वतःच्या तब्येतीवर खूश होत होती आणि छातीवरचं पोर एकोणनव्वदवर ओढत होतं, आणि तिला पत्ता नव्हता. हे तिच्या मनात रागाने आलं नाही. प्रयोगाची वही लिहिताना एखादा विचित्र निकाल लिहून ठेवावा, तसं आलं आणि तिथेच राहिलं.

नवरा परत आला तो हसतच. "आईने शेजाऱ्यांनासुद्धा सांगितलं," तो म्हणाला. बाळाला तो शेठ म्हणायचा, कारण ते आडवं पडून सगळ्यांकडून कामं करून घ्यायचं. "काय शेठ, गाजवलंत म्हणे!"

"तो माझा आकडा होता," ती म्हणाली.

त्याला समजावून सांगायला दोन वाक्यं लागली. त्याने तिच्या करंगळीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. निदान तू तरी ठणठणीत आहेस," आणि खाटेच्या दांडीवर बसला आणि फोन खिशातून काढून परत खिशात घातला.

मोठ्या डॉक्टरांना सिस्टरांनी सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "आता अंदाज पुरे. उद्या सकाळी ऑक्सिजन पूर्ण काढू आणि संध्याकाळपर्यंत बघू. ऑक्सिजनशिवाय नीट राहिला तर थांबू. नाही राहिला तर कप्पा काढू." दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी बाळाच्या नाकाखालची नळी काढली, गालावरच्या टेपच्या जागा तेलाने पुसल्या आणि मग मॉनिटर त्याच्या खांबावर फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"हे का?" तिने विचारलं.

"मला तिकडे डेस्कवर सगळं दिसतं. घंटी तिकडे वाजते. तुम्ही घरी जाल तेव्हा हा काय बरोबर येणार आहे का? त्याची सवय सोडा." मग जरा खालच्या आवाजात, "आई, तुम्ही याच्याकडे बघतच नाही."

म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं.

नळीशिवाय बाळाचा चेहरा तिला अनोळखी वाटला, चष्मा काढलेल्या माणसाचा वाटतो तसा. नाक नवऱ्याचं होतं, हे तिला आज दिसलं. डाव्या भुवईच्या वर एक बारीक शीर होती, तीही. बाहेर ढगाळ होतं, आत ट्यूब चालू होत्या, खाटेभोवतीचा पडदा फिकट हिरवा होता. रंगाबद्दल मत द्यायला याहून वाईट जागा तिला सुचवता आली नसती. म्हणून तिने आधी रंग सोडून बाकीचं बघितलं. नाकपुड्या श्वासाबरोबर रुंद होत होत्या. गळ्याच्या खाली, हाडांच्या मध्ये जी खोबण असते, ती आत जात होती, जेमतेम, अंगठ्याने पिठात हलकं दाबावं इतकी. सकाळी पहिल्यांदा पाजलं तेव्हा तो नेहमीसारखा तुटून पडला. दुपारच्या आधी पाजलं तेव्हा काही घोट घेऊन थांबला, धापा टाकल्या, पुन्हा धरलं. तिला वाटलं, झोप आली असेल. नंतर तो दूध सोडून तिच्याकडे बघत राहिला. रडला नाही. हे तिला खटकलं. भुकेला असून रडत नव्हता. पायही मारत नव्हता. तो जागा होता, डोळे उघडे होते, पण अंग असं पडून होतं जसं त्याने एकेक काम बंद करत आणलं असावं. आधी लाथा, मग रडणं, मग दूध. एवढासा जीव आणि त्याने कुणाला न विचारता घरातले दिवे मालवत आणले होते, एका खोलीतला चालू राहावा म्हणून. आणि तो एक श्वासाचा दिवा चालू होता म्हणून डेस्कवर आकडा बरा येत असणार.

मग तिने रंग बघितला. निळा नव्हता. तिने निळा शोधला आणि सापडला नाही. पण तयार रंगाच्या बादलीत कुणी काळ्याचा एक थेंब टाकून ढवळलं की रंग तोच राहतो, नाव तेच राहतं, नुसता आतला उजेड जातो, तसं त्याच्या ओठांचं झालं होतं. कारखान्यात ती याला "बसलेला" म्हणायची. बसलेला गुलाबी. हे ट्यूबमुळे असू शकत होतं. ढगांमुळे, हिरव्या पडद्यामुळेही. तिने स्वतःचा हात त्याच्या गालाशी धरला. तिचा हात याच ट्यूबखाली, याच पडद्याशेजारी होता, आणि तो बसलेला नव्हता.

संध्याकाळच्या आधी मोठे डॉक्टर आले, डेस्कवरचा आलेख बघूनच आले. "काठावर आहे," ते म्हणाले, "पण काठाच्या या बाजूला. मला वाटतं आणखी थोडे आठवडे थांबता येईल." नवऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की सिस्टर हसल्या. तो लगेच म्हणाला, "शेठ, ऐकलंत का?" डॉक्टर तिच्याकडे वळले. सवयीने विचारतात तसं त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

तिला काय वाटत होतं ते तिला माहीत होतं. ते बोललं की काय होईल, तेही. भूल, यंत्राचा श्वास, छाती उघडेपर्यंतची ती मिनिटं, जिथे डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं होतं. न बोलता राहता येत होतं. डॉक्टर, आकडा, नवरा, सासूबाई, सगळे एका बाजूला होते आणि कुणी तिला कधीही दोष दिला नसता. या वेळी तर नक्कीच नाही. तिने तोंड उघडलं आणि जिभेवर आयतं आलेलं वाक्य, इतकी वर्षं रोज म्हटलेलं, तिने गिळलं.

"तो दमलाय," ती म्हणाली. "सकाळपासून एकेक गोष्ट सोडत आलाय. थांबू नका. ऑपरेशन करा."

"अगं, आकडा बरा आहे म्हणतायत ना ते!" नवरा म्हणाला.

"आकडा बरा आहेच."

डॉक्टर म्हणाले, "पाजून दाखवा मला." ती खुर्चीत बसली. डॉक्टर तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले, चेहरा बाळाच्या चेहऱ्याच्या पातळीवर आणून, आणि अनोळखी पुरुषासमोर पाजताना एरवी तिला जी लाज वाटली असती तिची आठवणही झाली नाही. बाळाने धरलं. ओढलं, पुन्हा ओढलं, सोडलं. खोबण आत गेली. तोंडातून दूध तसंच ओघळलं. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, पुन्हा त्याच जागी ऐकलं, आणि उठताना गुडघा झाडत म्हणाले, "हं. सिस्टर, ऑक्सिजन लावा. उद्या सकाळी ऑपरेशनला पहिला हाच घेऊ."

नवरा तिला वॉर्डाबाहेर घेऊन आला. तो ओरडत नव्हता. ओरडायची सवय नसलेल्या माणसासारखं हळू आणि तुटक बोलत होता. "तुला कुणी विचारलं होतं?"

"डॉक्टरांनी."

"ते असंच विचारतात. सगळ्यांना विचारतात." तो भिंतीकडे बघून बोलत होता. "ते थांबू म्हणत होते. स्वतः म्हणत होते. तू कशाला... आणि तू चुकत असलीस तर?"

"तर चुकले."

"एवढंच?"

तो जिन्याकडे गेला. लिफ्टचा माणूस, पण रागात असला की जिना धरायचा. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज ऐकू आला. तो आईशी बोलत होता आणि नेहमीसारखं समजावून सांगत नव्हता, नुसता "हो" म्हणत होता. "हो. उद्या. हो. नाही, डॉक्टर थांबणार होते. हो, तिने." मग तो वर आला. दोघं बाकावर बसून पावाचे कोरडे तुकडे खात राहिली.

सकाळ झाली तोवर, भूल द्यायची तर पोट रिकामं हवं म्हणून, बाळाचं दूध बंद केलेलं होतं. रात्रभर ऑक्सिजनची नळी असल्यामुळे त्याच्या अंगात जोर आला होता आणि आता तो भुकेने संतापला होता. तिने घेतलं की तो वासाने डोकं वळवायचा, तोंड उघडून शोधायचा आणि सापडत नाही म्हणून किंचाळायचा. तिने खांद्यावर घेतलं, वळवून घेतलं, त्याची पाठ स्वतःकडे केली. उपयोग झाला नाही.

"दे इकडे," नवरा म्हणाला. कालपासूनचे त्याचे हे पहिले शब्द. "तुझ्याजवळ दुधाचा वास येतो. तू बाहेर थांब."

ती बाहेर थांबली. आतून बाळाचा आवाज येत होता, आणि त्यावरून नवऱ्याचा, मुद्दाम वरच्या पट्टीत: "शेठ, आज खानावळ बंद. आचारी रजेवर. मालकाशी बोला, माझ्यावर ओरडून काय उपयोग?" ते रडणं चांगलं दणदणीत होतं. तिने ते लक्ष देऊन ऐकलं. प्रत्येक किंकाळीला तिचं दूध भरून येत होतं. पुढून सगळे कपडे ओले झाले, तिने पदर, हात, काहीही वर धरलं नाही. समोरच्या भिंतीचा रंग वाईट जुळवलेला होता, दुरुस्तीचा पट्टा वेगळा कळत होता. तिला वाटलं होतं की आता आपल्याला भीती वाटेल किंवा खात्री वाटेल. दोन्हींपैकी काही स्पष्ट वाटत नव्हतं. फक्त तो भुकेला आहे, एवढं अगदी स्वच्छ कळत होतं, आणि तो भुकेला आपल्यामुळे आहे, हेही.

हिरव्या टोपीतला माणूस चाकांची खाट घेऊन आला. "थिएटरच्या दारापर्यंत एकालाच येता येईल," तो म्हणाला. "कोण येतंय? आई की बाबा?"

नवरा बाळाला घेऊन बाहेर आला. त्याच्या शर्टाची कॉलर बाळाने मुठीत धरली होती, ती त्याने एकेक बोट उकलून सोडवली. त्याचे डोळे लाल होते. "ही येईल," तो म्हणाला, आणि तिला म्हणाला, "तू जा. मला नाही जमायचं." मग बाळ तिच्या हातात देताना त्याने तिचा दंड क्षणभर धरला, आणि सोडला.

"खाटेवर ठेवा," हिरव्या टोपीचा माणूस म्हणाला.

"उचलून आणते," ती म्हणाली. "चालेल का?"

त्याने सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी ऑक्सिजनची छोटी टाकी रिकाम्या खाटेवर ठेवली, नळी तिच्या कोपराखालून घेतली आणि मान हलवली. ते लांब बोळातून निघाले. पुढे रिकामी खाट, मागे ती. बाळाने तिच्या छातीवरची ओली जागा शोधून काढली आणि कापडच तोंडात धरलं. तिने सिस्टरांकडे बघितलं. "पोटात जाईल इतकं नको," सिस्टर म्हणाल्या. तिने कापड हळूच सोडवलं आणि त्या जागी स्वतःच्या बोटाचं पेर दिलं. तो रागाने ओढू लागला. थांबला. पुन्हा ओढू लागला. दाराशी पोचेपर्यंत त्याने ते सोडलं नाही, आणि ती पूर्ण वेळ त्याच्या तोंडाकडे बघत चालली होती, म्हणून दार आलं हे तिला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.